हिपॅटायटिस सी उपचार, मद्यपान आणि आरोग्य विमा (अमेरिका)

हिपॅटायटिस सी हा रक्तावाटे पसरणारा यकृताचा विषाणुजन्य आजार आहे. २०१३ नंतर उपलब्ध झालेल्या औषधांमुळे तो बहुतांश रुग्णांमध्ये आठ ते बारा आठवड्यांत पूर्णपणे बरा होऊ शकतो. अमेरिकेची संयुक्त संस्थाने या देशात ही औषधे सर्वप्रथम विक्रीस आली; तरीही आरोग्य विमा नसलेल्या आणि मद्यपान सुटत नसलेल्या रुग्णांना ती मिळणे दीर्घकाळ कठीण राहिले. औषधांची अतिशय चढी किंमत आणि उपचारापूर्वी ठरावीक काळ मद्य वर्ज्य करण्याची अट ही याची दोन प्रमुख कारणे होत.

मद्यपान यकृताला घातक आहे, याविषयी वैद्यकशास्त्रात दुमत नाही. मात्र मद्यपान चालू असल्यामुळे नवी औषधे निष्प्रभ ठरतात, असे आढळलेले नाही. त्यामुळे मद्यपान हे उपचार नाकारण्याचे कारण नसून उपचार लवकर सुरू करण्याचे कारण आहे, अशी भूमिका अमेरिकेतील यकृतरोग व संसर्गरोग तज्ज्ञांच्या संघटनांनी घेतली आहे.

आजाराचे स्वरूप

हिपॅटायटिस सी विषाणूचा शोध १९८९ साली लागला. तोपर्यंत या आजाराला ‘ए नव्हे, बी नव्हे’ प्रकारचा हिपॅटायटिस असे म्हटले जाई. या शोधाशी संबंधित संशोधनासाठी हार्वी आल्टर, मायकल हॉटन व चार्ल्स राईस यांना २०२० चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

दूषित सुया व सिरिंजा, तपासणी न केलेले रक्त, निर्जंतुक न केलेली वैद्यकीय किंवा गोंदण्याची उपकरणे यांमधून हा विषाणू पसरतो. बाधित मातेकडून बाळालाही त्याची लागण होऊ शकते. एकत्र जेवणे, हस्तांदोलन किंवा खोकला यांमुळे तो पसरत नाही. या आजारावर प्रतिबंधक लस उपलब्ध नाही.

लागण झालेल्यांपैकी सुमारे ३० टक्के व्यक्तींच्या शरीरातून विषाणू सहा महिन्यांच्या आत उपचाराविना नाहीसा होतो. उरलेल्या सुमारे ७० टक्के व्यक्तींमध्ये संसर्ग दीर्घकालीन होतो. दीर्घकालीन संसर्ग झालेल्यांपैकी १५ ते ३० टक्के रुग्णांना वीस वर्षांच्या आत सिऱ्हॉसिस होण्याचा धोका असतो. सिऱ्हॉसिसमध्ये निरोगी पेशींची जागा कठीण व्रणयुक्त ऊती घेतात आणि पुढे यकृताचा कर्करोगही उद्भवू शकतो. आजार वर्षानुवर्षे लक्षणांवाचून वाढत राहतो, त्यामुळे अनेकांना आपल्या संसर्गाची कल्पनाच नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा दीर्घकालीन संसर्ग होता. अमेरिकेत २०१३ ते २०१६ या काळात अशा व्यक्तींची संख्या सुमारे २४ लाख असल्याचा अंदाज होता.

मद्याचा परिणाम

मद्य आणि विषाणू हे दोन्ही यकृतात दाह निर्माण करतात. दोन्ही एकत्र आल्यास होणारी हानी एकेकट्याने होणाऱ्या हानीपेक्षा बरीच अधिक असते. फ्रान्समध्ये झालेल्या व १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दररोज ५० ग्रॅम किंवा त्याहून अधिक मद्यार्क घेणाऱ्या हिपॅटायटिस सी रुग्णांच्या यकृतात व्रण पडण्याचा वेग अधिक असल्याचे आढळले. अमेरिकेत एका प्रमाणित पेयात सुमारे १४ ग्रॅम मद्यार्क धरला जातो. म्हणजे ५० ग्रॅम हे साडेतीन पेयांहून किंचित अधिक प्रमाण झाले.

ज्या रुग्णाचे मद्यपान चालू आहे, त्याचा आजार अधिक वेगाने बळावतो. अशा रुग्णाला मद्य सुटेपर्यंत थांबण्यास सांगितल्यास त्या काळात विषाणू व मद्य या दोहोंचे आघात चालूच राहतात. विषाणू नष्ट केल्यास त्यांपैकी निदान एक आघात थांबतो.

उपचारांचा इतिहास

इंटरफेरॉनचा काळ

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९१ मध्ये हिपॅटायटिस सीसाठी इंटरफेरॉन या टोचून घेण्याच्या औषधाला मान्यता दिली. १९९८ मध्ये त्याला रिबाव्हिरिन या तोंडाने घ्यायच्या औषधाची जोड मिळाली. हा उपचार सहसा २४ ते ४८ आठवडे चाले. ताप, अंगदुखी, रक्तक्षय आणि तीव्र नैराश्य हे त्याचे दुष्परिणाम होते. अमेरिकेत सर्वाधिक आढळणाऱ्या पहिल्या जनुकप्रकारात निम्म्याहून अधिक रुग्णांना या उपचाराने गुण येत नसे.

अशा उपचारासाठी रुग्णाची निवड काटेकोरपणे होणे स्वाभाविक होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या १९९७ मधील मतैक्य निवेदनात मोठ्या प्रमाणात मद्यपान करणाऱ्या रुग्णांवरील उपचार, मद्य सुटून किमान सहा महिने होईपर्यंत पुढे ढकलावेत अशी शिफारस होती. सहा महिन्यांची ही अट इंटरफेरॉनच्या स्वरूपाला अनुसरून आलेली होती. इंटरफेरॉन मागे पडल्यावरही ती नियमावल्यांमध्ये टिकून राहिली.

थेट विषाणूवर कार्य करणारी औषधे

६ डिसेंबर २०१३ रोजी सोफोसब्युव्हिर या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. विषाणू आपल्या जनुकीय साहित्याच्या प्रती ज्या विकराच्या साह्याने तयार करतो, त्या विकराचे कार्य हे औषध बंद पाडते. हिपॅटायटिस सीचा विषाणू मानवी पेशींच्या जनुकांमध्ये मिसळून राहत नाही. म्हणून त्याच्या प्रती निघणे पुरेसा काळ थांबले, की तो शरीरातून कायमचा नाहीसा होतो. हिपॅटायटिस बी किंवा एचआयव्हीच्या बाबतीत हे सहजासहजी साधत नाही.

जून २०१६ मध्ये सोफोसब्युव्हिर व व्हेल्पाटासव्हिर यांचे, तर ऑगस्ट २०१७ मध्ये ग्लेकाप्रेव्हिर व पिब्रेंटासव्हिर यांचे संयुक्त औषध उपलब्ध झाले. ही दोन्ही औषधे सर्व प्रमुख जनुकप्रकारांवर चालतात. पहिले सहसा बारा आठवडे आणि दुसरे बहुतेक रुग्णांना आठ आठवडे दिले जाते. बरे होण्याचे प्रमाण ९५ टक्क्यांच्या आसपास असून दुष्परिणाम सौम्य असतात.

मद्यवर्ज्यतेची अट

मेडिकेड ही अल्प उत्पन्न गटासाठी असलेली, संघराज्य व राज्ये यांनी मिळून चालवलेली आरोग्य योजना आहे. सोफोसब्युव्हिर बाजारात आल्यानंतर खर्च आवाक्यात ठेवण्यासाठी अनेक राज्यांनी मेडिकेडमध्ये तीन प्रकारच्या अटी घातल्या. यकृताची हानी पुढच्या टप्प्याला पोहोचलेली असावी. औषध तज्ज्ञ डॉक्टरांनीच लिहून दिलेले असावे. आणि रुग्ण मद्य व अमली पदार्थांपासून ठरावीक काळ दूर राहिलेला असावा, असे त्यांचे स्वरूप होते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४२ राज्यांच्या नियमांच्या पाहणीत सुमारे निम्म्या राज्यांनी वर्ज्यतेचा ठरावीक कालावधी आवश्यक केल्याचे आढळले.

५ नोव्हेंबर २०१५ रोजी मेडिकेडवर देखरेख ठेवणाऱ्या संघराज्य कार्यालयाने राज्यांना पत्र पाठवून, अशा अटींमुळे वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार अवाजवीपणे रोखले जाऊ नयेत, असे कळवले. मे २०१६ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील संघराज्य न्यायालयाने यकृताच्या हानीच्या टप्प्यावर आधारलेली तेथील अट तात्पुरत्या मनाई हुकमाने थांबवली. त्यानंतर न्यायालयीन दावे, रुग्ण संघटनांचा पाठपुरावा आणि उतरलेल्या किमती यांमुळे बहुतेक राज्यांनी या अटी शिथिल किंवा रद्द केल्या.

वैद्यकीय पुरावाही अटीच्या विरोधात जमा होत गेला. अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेतील सुमारे ६९ हजार रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. या रुग्णांपैकी ९४ टक्क्यांहून अधिक जण बरे झाले होते. मद्य न घेणारे, मर्यादित घेणारे आणि मद्यासक्तीचे निदान झालेले अशा गटांमध्ये बरे होण्याच्या प्रमाणात अर्थपूर्ण फरक आढळला नाही. चालू मद्यपानामुळे उपचार नाकारले जाऊ नयेत, असे तज्ज्ञ संघटनांची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

औषधांच्या किमती

सोफोसब्युव्हिरची बारा आठवड्यांची मूळ किंमत ८४,००० डॉलर, म्हणजे एका गोळीला १,००० डॉलर होती. गिलियड सायन्सेस या उत्पादक कंपनीने हे औषध विकसित करणारी फार्मासेट ही कंपनी सुमारे ११ अब्ज डॉलरना विकत घेतली होती. अमेरिकी सिनेटच्या अर्थ समितीतील रॉन वायडन व चक ग्रासली या सदस्यांनी डिसेंबर २०१५ मध्ये चौकशी अहवाल प्रसिद्ध केला. अधिकाधिक महसूल मिळवणे हाच किंमत ठरवण्यामागील मुख्य हेतू होता आणि औषध किती रुग्णांना परवडेल याचा विचार त्यापुढे गौण ठरला, असा त्या अहवालाचा निष्कर्ष होता.

स्पर्धक औषधे आल्यावर किमती उतरल्या. ग्लेकाप्रेव्हिर-पिब्रेंटासव्हिरच्या आठ आठवड्यांच्या उपचाराची घोषित किंमत २६,४०० डॉलर ठेवण्यात आली. जानेवारी २०१९ मध्ये गिलियडच्याच उपकंपनीने आपल्या संयुक्त औषधाची जेनेरिक आवृत्ती २४,००० डॉलरला बाजारात आणली. विमा कंपन्या व सरकारी योजना घोषित किमतीवर मोठी सूट मिळवतात. विमा नसलेल्या व्यक्तीच्या वतीने अशी घासाघीस करणारे कोणी नसते. त्यामुळे औषधाच्या दुकानात जाऊन स्वतःच्या खर्चाने ते विकत घेणे हा सर्वांत महाग मार्ग ठरतो.

विमा नसलेल्या रुग्णांपुढील मार्ग

मेडिकेड व विमा बाजारपेठ

२०१० च्या परवडणारी आरोग्यसेवा कायद्यान्वये राज्यांना मेडिकेडची व्याप्ती दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या प्रौढांपर्यंत वाढवता येते. २०२५ पर्यंत ४० राज्यांनी व राजधानी वॉशिंग्टनने ही वाढ स्वीकारली होती. टेक्सास व फ्लोरिडासह दहा राज्यांनी ती स्वीकारलेली नाही. टेक्साससारख्या राज्यात अपत्य नसलेल्या, अपंग नसलेल्या प्रौढास उत्पन्न कितीही कमी असले तरी सहसा मेडिकेड मिळत नाही. दारिद्र्यरेषेखालील उत्पन्नामुळे त्याला विमा बाजारपेठेतील सरकारी अनुदानही मिळत नाही.

मद्यासक्ती किंवा हिपॅटायटिस सी आधीपासून असल्याच्या कारणावरून या बाजारपेठेतील विमा नाकारता येत नाही वा त्याचा हप्ता वाढवता येत नाही. व्यसनावरील उपचार हे अशा विम्याच्या दहा अत्यावश्यक लाभांपैकी एक आहेत. जुलै २०२५ मध्ये संमत झालेल्या कायद्यानुसार विस्तारित मेडिकेडमधील अनेक प्रौढांना महिन्याला ८० तास काम किंवा तत्सम कार्य केल्याचे दाखवावे लागणार आहे. व्यसनाधीनतेचा विकार असलेल्यांना त्यातून सूट आहे.

सामुदायिक आरोग्य केंद्रे

संघराज्याच्या निधीवर चालणारी सामुदायिक आरोग्य केंद्रे पैसे देण्याच्या ऐपतीअभावी कोणत्याही रुग्णास परत पाठवत नाहीत. त्यांचे शुल्क उत्पन्नानुसार ठरते. दारिद्र्यरेषेखालील रुग्णास नाममात्र शुल्क आकारले जाते किंवा तेही घेतले जात नाही. १९९२ मध्ये सुरू झालेल्या आणि ३४०-बी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कार्यक्रमामुळे या केंद्रांना औषधे सवलतीच्या दरात मिळतात. अनेक केंद्रांमध्ये रक्ततपासणी, औषधयोजना आणि व्यसनावरील समुपदेशन एकाच ठिकाणी होते.

औषध कंपन्यांच्या साहाय्य योजना

गिलियड व ॲबव्ही या दोन्ही कंपन्या विमा नसलेल्या आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या रुग्णांना मोफत औषध देणाऱ्या योजना चालवतात. अर्जावर रुग्ण व डॉक्टर या दोघांचीही माहिती व स्वाक्षरी लागते आणि उत्पन्नाचा पुरावा जोडावा लागतो. यामुळे एक विचित्र परिस्थितीही उद्भवली: विमा अजिबात नसलेल्या रुग्णाला औषध फुकट मिळे, पण ज्याला विमा आहे आणि विमा कंपनीने औषध नाकारले आहे, तो अडकून पडे. २०१५ मध्ये गिलियडने आपले नियम बदलून अशा नाकारलेल्या रुग्णांपैकी बहुतेकांना योजनेतून वगळले.

रुग्णालये व इतर व्यवस्था

करमुक्त धर्मादाय रुग्णालयांना आर्थिक साहाय्याचे लेखी धोरण ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. १९८६ च्या कायद्यानुसार तातडीच्या कक्षात आलेल्या रुग्णाची तपासणी करून त्याची प्रकृती स्थिर करणे, तो पैसे देऊ शकत नसला तरी, रुग्णालयाला भाग आहे. मात्र हिपॅटायटिस सीचा पूर्ण उपचार या तरतुदीत येत नाही. माजी सैनिकांची आरोग्यसेवा ही वेगळी व्यवस्था असून तिच्यामार्फत एक लाखाहून अधिक रुग्ण या विषाणूपासून मुक्त झाले आहेत.

उपचाराची पद्धत

प्रथम रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी केली जाते. ती सकारात्मक आल्यास विषाणूच्या आरएनएची तपासणी होते. प्रत्यक्ष संसर्ग चालू आहे की नाही, हे दुसऱ्या तपासणीवरून कळते. जून २०२४ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने बोटाच्या टोकाच्या रक्तावरून सुमारे तासाभरात आरएनएचा निकाल देणाऱ्या तपासणीस मान्यता दिली. पुन्हा पुन्हा येणे ज्यांना अवघड जाते, त्यांना ती विशेष उपयुक्त आहे.

यकृताच्या हानीचा अंदाज रुग्णाचे वय, यकृतातील दोन विकरांची पातळी व बिंबिकांची संख्या यांवरून साध्या गणिताने बांधता येतो. त्यासाठी दर वेळी यकृताचा तुकडा काढून तपासावा लागत नाही. हिपॅटायटिस बीची तपासणी आधी करणे आवश्यक असते, कारण सी विषाणू नष्ट होत असताना सुप्त बी विषाणू उसळण्याचा धोका असतो. रुग्ण घेत असलेली इतर औषधेही पाहिली जातात. उदाहरणार्थ, आम्लपित्तावरील काही गोळ्यांमुळे व्हेल्पाटासव्हिरचे शोषण घटते. सिऱ्हॉसिस विकोपाला जाऊन यकृत निकामी होऊ लागलेल्या रुग्णांना ग्लेकाप्रेव्हिर-पिब्रेंटासव्हिर दिले जात नाही. त्यांच्यावर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली उपचार होतात. गुंतागुंत नसलेल्या रुग्णांवर मात्र सामान्य डॉक्टर किंवा प्रशिक्षित परिचारिकाही उपचार करू शकतात.

गोळ्या संपल्यानंतर किमान बारा आठवड्यांनी केलेल्या तपासणीत विषाणूचे आरएनए न आढळल्यास रुग्ण बरा झाला असे मानतात.

मद्यासक्तीवरील उपचार

मद्यासक्ती हा वैद्यकीय विकार असून त्यावरील उपचार हिपॅटायटिसच्या उपचारासोबतच करता येतात. रोज मोठ्या प्रमाणात मद्य घेणाऱ्या व्यक्तीने ते एकाएकी थांबवणे धोक्याचे ठरू शकते. हातांना कंप, घाम व अस्वस्थता ही लक्षणे काही तासांतच सुरू होतात. झटके येणे किंवा दोन ते चार दिवसांत उद्भवणारा भ्रमयुक्त उन्माद प्राणघातक ठरू शकतो. त्यामुळे ‘आधी मद्य सोडा, मग या’ असा सल्ला वैद्यकीय मदतीवाचून दिल्यास तो सुरक्षित नसतो.

अकॅम्प्रोसेट हे औषध मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते आणि यकृतावर भार टाकत नाही. मूत्रपिंडांचे कार्य चांगले असलेल्या यकृतरुग्णांमध्ये त्याचा विचार होतो. नाल्ट्रेक्सोन वापरताना यकृताची स्थिती पाहावी लागते. डायसल्फिराम यकृताला अपायकारक ठरू शकत असल्याने अशा रुग्णांत टाळले जाते. बॅक्लोफेनचा अभ्यास सिऱ्हॉसिस असलेल्या मद्यासक्त रुग्णांमध्ये झालेला आहे. १९३५ मध्ये ओहायो राज्यातील ॲक्रन येथे स्थापन झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेच्या सभा विनाशुल्क असतात. संघराज्य सरकारची व्यसनविषयक दूरध्वनी सेवाही मोफत असून ती विमा नसलेल्यांना स्थानिक केंद्रांची माहिती देते.

उपचारानंतर

विषाणू गेल्यावरही प्रतिपिंडे रक्तात राहतात. म्हणून पुढील काळात केवळ प्रतिपिंड तपासणीवरून आजार परतल्याचा निष्कर्ष काढता येत नाही. ही प्रतिपिंडे पुन्हा लागण होण्यापासून संरक्षण देत नाहीत. सिऱ्हॉसिस झालेल्या रुग्णाला विषाणूमुक्त झाल्यावरही यकृताच्या कर्करोगासाठी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते. मद्यपान चालू राहिल्यास यकृताची हानी मद्यामुळे पुढेही होत राहते. अशा रुग्णांना हिपॅटायटिस ए व बीची लस घेण्याचा आणि पॅरासिटामॉलचे प्रमाण डॉक्टरांच्या सल्ल्याने मर्यादित ठेवण्याचा सल्ला दिला जातो. हे औषध अमेरिकेत ॲसिटामिनोफेन या नावाने ओळखले जाते आणि सर्दी-तापाच्या अनेक मिश्र औषधांत असते.

भारताशी संबंध

सप्टेंबर २०१४ मध्ये गिलियडने भारतातील औषध कंपन्यांशी करार करून ९१ देशांसाठी सोफोसब्युव्हिरची जेनेरिक आवृत्ती तयार करण्याचा परवाना दिला. या देशांमध्ये भारताचा समावेश होता, अमेरिकेचा नव्हता. परिणामी जे औषध अमेरिकेत हजारो डॉलरना विकले जाई, ते भारतात त्याच्या अल्पांश किमतीत मिळू लागले. पंजाब राज्याने २०१६ मध्ये मोफत उपचार सुरू केले. २८ जुलै २०१८ रोजी, जागतिक हिपॅटायटिस दिनी, राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याअंतर्गत महाराष्ट्र व गोव्यासह देशभरातील निवडक सरकारी रुग्णालयांत निदान व औषधे मोफत आहेत.

अमेरिकेत स्थायिक होणाऱ्या भारतीयांना एक वेगळी अडचण येते. १९९६ च्या कायद्यानुसार कायम वास्तव्याचा परवाना मिळालेल्या बहुतेक प्रौढांना पहिली पाच वर्षे संघराज्याच्या निधीतील मेडिकेड मिळत नाही. मुलांना भेटायला येणाऱ्या आईवडिलांसाठी घेतलेल्या प्रवास विम्यात आधीपासून असलेल्या आजारांचा खर्च सहसा समाविष्ट नसतो.

सद्यस्थिती

अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२० पासून प्रत्येक प्रौढाची आयुष्यात किमान एकदा हिपॅटायटिस सी तपासणी करण्याची शिफारस केली आहे. तरीही याच केंद्राच्या २०२३ मधील अहवालानुसार, २०१३ ते २०२२ या काळात संसर्ग आढळलेल्यांपैकी केवळ ३४ टक्के व्यक्ती विषाणूमुक्त झाल्याचे दिसले. २०२२ मधील अहवालात विमा असलेल्यांपैकीही एक तृतीयांशाहून थोड्यांनाच निदानानंतर वर्षभरात उपचार मिळाल्याचे नोंदवले होते. यावरून केवळ विमा असणे पुरेसे ठरत नाही, हेही स्पष्ट होते.

लुइझियाना राज्याने २०१९ मध्ये ठरावीक वार्षिक रकमेच्या मोबदल्यात मेडिकेडमधील रुग्ण व कैदी यांच्यासाठी लागेल तेवढे औषध घेण्याचा करार केला. वर्गणीच्या तत्त्वावरील या पद्धतीत रुग्ण वाढल्याने खर्च वाढत नाही, त्यामुळे रुग्णांना दूर ठेवणाऱ्या अटींची आर्थिक गरजच उरत नाही. हीच कल्पना राष्ट्रीय पातळीवर राबवून विमा नसलेल्यांनाही सामावून घेणारा पाच वर्षांचा कार्यक्रम २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या अर्थसंकल्पीय प्रस्तावात मांडण्यात आला होता.

हे सुद्धा पहा

यकृत
सिऱ्हॉसिस
मद्यासक्ती
मेडिकेड
जेनेरिक औषधे
जागतिक हिपॅटायटिस दिन